एकपायीचं गुलाबी दुखणं

मन्मथअप्पांच्या लेकीला, आरतीला, दिवाळीच्या पाडव्याला मुलगी झाली आणि तिचं नाव दिपाली ठेवलं, ते साल दोन हजार एकोणीस. चाकूरजवळच्या चिंचाळ्यात ते बारसं अजून लोकांच्या ध्यानात आहे. नावामुळं नाही, जेवणामुळंही नाही. निलंग्याहून आलेले व्याही चंद्रप्पा टोपीपासून धोतरापर्यंत गुलाबी होऊन मांडवात उभे राहिले, त्यामुळं.

त्या दिवशी व्याही आणि विहीण महादेवीबाई एसटीनं चाकूरला उतरणार होते. त्यांना आणायला अप्पांचा मुलगा वैजनाथ शेजाऱ्याची जीप घेऊन निघाला होता. अप्पांनी त्याला अंगणातच अडवलं.

"व्याही माझे हायत. म्यां आणतो."

"अप्पा, तुमच्या ट्रकाचा काय भरवसा न्हाई. कालपासून कसला तरी वास मारून राहिला."

"वास तुझ्या जीपला बी येतो. तुझं नाक मेलंय म्हणून कळत न्हाई," असं म्हणून अप्पांनी ट्रक काढला.

हा ट्रक म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. जवानीत त्यांनी टेम्पो चालवला, उसाच्या गाड्या चालवल्या. पुढं एकदा गोठ्यात घसरलेला देवणी बैल त्यांच्या डाव्या गुडघ्यावर बसला आणि लवकर उठला नाही. तेव्हापासून तो पाय वाकायचा बंद झाला. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, क्लच विसरा. मग अप्पांना वैजनाथच्या मोटारसायकलीवर मागं बसून फिरावं लागे. डावा पाय सरळ बाहेर काढलेला. समोरून येणाऱ्याला वाटे गाडी डावीकडं वळतेय, आणि तो बिचारा थांबून राही. चाकूरच्या बाजारात या पायापायी दोनदा भांडणं झाली होती.

शेवटी भाच्यानं, सोमेशनं, हैदराबादेच्या लिलावातून खाणीवरचा एक जुना, परदेशी बनावटीचा छोटा ट्रक मिळवून दिला. त्याला क्लचच नव्हता. गियर आपले आपण पडत. उजव्या पायानं पळवायचं, उजव्याच पायानं थांबवायचं, डाव्या पायानं नुसती गंमत बघायची. गावानं नाव ठेवलं, एकपायी. ट्रकाला ठेवलं की अप्पांना, ते कुणी नीट सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून अप्पा आणि त्यांची बायको केवळाबाई कुणाच्या मागं बसले नाहीत. मनात आलं की चावी, शेजारी केवळाबाई, तिच्या मांडीवर पानाचा डबा, आणि निघाले.

तर बारशाच्या दिवशी व्याही-विहीण पुढं बसले आणि चाकूरच्या बाहेरच्या चढावर एकपायी उकळली. बॉनेटमधून वाफ निघाली. अप्पा म्हणाले, "थोडं गार होऊ द्या, व्याही."

पण चंद्रप्पा निलंग्याचे नावाजलेले मिस्त्री. जन्म ट्रॅक्टर आणि मालट्रक उघडण्यात गेलेला. आता गॅरेज मुलाच्या, म्हणजे आरतीच्या नवऱ्याच्या, अमरेशच्या हाती दिलं होतं, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते.

"तुमी बसा हो. म्यां इंजनाच्या मांडीवर वाढलेला माणूस," म्हणत ते उतरले. खांद्यावरचा टॉवेल रेडिएटरच्या झाकणावर टाकून झाकण थोडं फिरवलं. थोडंच. झाकण हातातून निसटलं आणि आतून गुलाबी फेस असा उसळला की जणू कोणी आत बसून वाटच बघत होतं. तोंड त्यांनी वेळेवर फिरवलं, म्हणून भाजले नाहीत. बाकी काही वाचलं नाही.

महादेवीबाई खाली उतरल्या. नवऱ्याभोवती एक चक्कर मारली.

"चाळीस वर्सं काळं होऊन घरी येत होतात," त्या म्हणाल्या. "गुलाबी पयल्यांदाच."

मांडवात बायकांना वाटलं, अप्पांच्या भाऊबंदांनी व्याह्याची चेष्टा केली. कुणी म्हणे रंग टाकला, कुणी म्हणे बासुंदी सांडली. केवळाबाईंनी लगबगीनं नवं धोतर, नवी टोपी आणि हिरव्या काठाचा नवा टॉवेल आणून व्याह्याचा मान केला. कोरे कपडे घालून चंद्रप्पा पुन्हा मांडवात आले आणि भर पंगतीत बोलले, "ही गाडी माझ्या अंगावर थुकली. आता हिला माझ्याबिगर दुसऱ्या मिस्त्र्याचा हात लागायचा न्हाई."

पंगतीनं माना डोलावल्या. अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. ही बिनक्लचची गाडी ट्रॅक्टरच्या मिस्त्र्याची नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. पण आपली पोर ज्याच्या घरात नांदते, त्या माणसाला पंगतीत नाही कसं म्हणायचं?

"तुमच्यासारखा हात मिळाला, गाडीचं भाग्य," ते म्हणाले.

पाहुणे पांगल्यावर वैजनाथनं बापाला गाठलं. पोरगा वाईट नव्हता. त्याला बापाच्या जिवाची काळजी होती, आणि अंगणात उभ्या ट्रकाचा कंटाळाही आला होता.

"अप्पा, एक बोलू का? येळवस येऊन राहिली. येळवशीला हा ट्रक सोताच्या चाकावर आपल्या रानात आला, तर ऱ्हाऊ द्या. न्हाई आला, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावतो. मग माझ्या मागं बसायचं, आन कुरकुर करायची न्हाई."

"कबूल," अप्पा म्हणाले. नाही म्हणायला तोंड कुठं होतं.

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. सगळं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भाज्या-डाळींची भज्जी आणि ताकातली आंबील पोटाला तडस लागेपर्यंत खायची-प्यायची. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. म्हणजे एकपायीची परीक्षा सगळ्या गावासमोर होणार होती.

चंद्रप्पा पुढच्याच आठवड्यात अमरेशच्या मागं बसून, पान्यांची पिशवी घेऊन आले. रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला.

"तेल आन पाणी एक झालं. म्हंजे हेडचं गास्केट गेलं. डोळे झाकून सांगतो."

ट्रॅक्टरला तेच असतं, मालट्रकालाही बहुधा तेच. चंद्रप्पांच्या उभ्या आयुष्यात तेल-पाणी एक झालं आणि गास्केट निघालं नाही, असं घडलं नव्हतं. त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं. गास्केट बघितलं. ते चांगलं धड होतं. चंद्रप्पा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "वरून धड दिसतंय. आतून गेलंय."

"हाव, दिसतंयच की," अप्पा म्हणाले. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

नवं गास्केट पडलं. जुनं पाणी सांडलं, नवं भरलं. पुरणपोळी झाली. निघताना केवळाबाईंनी टॉवेल-टोपी दिली, कारण व्याही दारातून मोकळ्या हातानं गेला तर चार गावांत बोभाटा. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर आत पुन्हा गुलाबी.

पुढच्या फेरीला पाण्याचा पंप उघडला. पुन्हा पुरणपोळी, पुन्हा टॉवेल-टोपी. त्याच्या पुढच्या फेरीला केवळाबाई कपाटापुढं बसून म्हणाल्या, "अवो, आरतीच्या लग्नातले टॉवेल संपले. आता सोमेशच्या लग्नासाठी ठेवलेले काढावे लागतेत. तुमच्या ट्रकापायी भाच्याच्या लग्नात पाव्हण्यांना रुमाल वाटायची पाळी येऊन राहिली."

"मग म्यां काय करू? व्याह्याला म्हणू, तुमाला जमत न्हाई?"

"म्यां कुठं तसं म्हणलं?" केवळाबाई म्हणाल्या आणि टॉवेलाची घडी घालत राहिल्या. घडी मात्र जरा जोरातच घातली.

तिकडं चंद्रप्पा दिलेले टॉवेल खांद्यावर टाकून नेत आणि त्यांनीच हात पुसत. कोरा, काठाचा टॉवेल बघता बघता गुलाबी. केवळाबाई ओसरीवरून बघत आणि मान वळवत.

असं करता करता चाचणीचा दिवस आला. चंद्रप्पा शेजारी बसले, अप्पांनी ट्रक वेशीपर्यंत नेला. वेशीत काय झालं कोण जाणे, इंजिन गर्जायला लागलं आणि ट्रक जागचा हलेना. आवाज वाघाचा, चाल गोगलगायीची. पारावरची माणसं उठून बघायला आली.

"नवं गास्केट हाय," चंद्रप्पा काचेतून पारावरच्यांना म्हणाले. "बसायला येळ लागतो."

"बसलंच की ते," पारावरून कुणीतरी म्हणालं. "उठायचं तेवढं राहिलंय."

वैजनाथनं बैल आणले, दोर बांधला आणि एकपायी घरी ओढत नेली. अप्पा स्टेअरिंगवर, चंद्रप्पा शेजारी, दोघंही नाकासमोर बघत, वरातीतल्या नवरदेवासारखे अवघडून. घर येईपर्यंत दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी अप्पा काठी टेकत विहारासमोरच्या व्यंकटीकडं गेले. व्यंकटी एसटीचे रिटायर ड्रायव्हर, अप्पांचे टेम्पोच्या काळापासूनचे दोस्त.

"व्यंकटी, कुणाला सांगणार न्हाईस तर एक इचारतो."

"म्यां एसटीत तीस वर्सं काढली. किती भानगडी बघितल्या, एक तरी बोललो का?"

अप्पांनी सगळं सांगितलं. "व्याह्याला कळलं तर घात हाय. पोरीचं घर हाय ते."

"नांदेडला माझा पुतण्या हाय, आदर्श. देगलूर नाक्याजवळ रेडिएटरचं दुकान. असल्या बिनक्लचच्या गाड्या हैदराबादेहून त्याच्याकडं येतेत. बुधवारी जा. बाकीचे दिवस तो सापडत न्हाई." व्यंकटींनी जरा डोळे बारीक केले. "बुधवारीच जा."

बुधवारी सकाळी अप्पांनी सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते गुलाबी पाणी भरलं आणि पिशवीत घातलं. केवळाबाईंना सांगितलं, नांदेडला दात दाखवायला जातो.

"कुठला?"

"दुखतो तो."

"तुमचे हायतच किती," म्हणत केवळाबाईंनी भाकरी बांधून दिली.

एसटीत अहमदपूरला एक माणूस शेजारी येऊन बसला. पिशवीतून डोकावणारी बाटली बघत त्यानं विचारलं, "कुठल्या डेरीचं म्हणायचं?"

"पियाचं न्हवं. औषध हाय. बैलाचं."

"बैलाला गुलाबी?"

"शौकीन हाय बैल," अप्पा म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. लोहा येईपर्यंत तो माणूस बाटलीकडंच बघत होता.

आदर्शचं दुकान म्हणजे रेडिएटरांचं रान. भिंतीला टेकलेले, एकावर एक रचलेले, वरून टांगलेले. मधे एका उपड्या पिंपावर आदर्श बसलेला, आणि तोंडाची टकळी चालू. आपल्याकडं कुठकुठल्या गाड्या आल्या, कुणाकुणाच्या आल्या, हे त्यानं अप्पांना बसायच्या आत सांगून टाकलं. मग बाटली उजेडात धरली, हलवली आणि थोडं चिमटीत घेऊन चोळलं.

"आज गुलाबीचाच बाजार भरला म्हणायचा."

"म्हंजे?"

"काय न्हाई. बसा, काका. गाडी बिनक्लचची ना? मग इंजनाचा काय गुन्हा न्हाई. गियरबॉक्सचं तेल गरम होतं, ते थंड व्हायला रेडिएटरात येतं. रेडिएटरच्या खालच्या डब्यात पाणी, आन त्या पाण्यातनंच तेलाची नळी. एकाच घरात दोन बिऱ्हाडं, मधी पातळ भिंत. भिंत कुजली की ह्याचं कालवण त्याच्या ताटात. तेल लाल असतं. पाण्यात फेटून फेटून गुलाबी झालं."

अप्पांना एका क्षणात सगळं समजलं, आणि आपल्याला समजलं याचंच दुःख झालं. "मग हेड उघडून काय..."

"हेड उघडलं?" आदर्श पिंपावरून उठलाच. "ह्या दुखण्याला हेड? कुण्या गाढवानं उघडलं?"

अप्पाही उठले. काठी न टेकता उठले.

"तोंड सांभाळ, बाबा. ज्यांनी उघडलं ते माझे व्याही हायत. अर्ध्या निलंगा तालुक्याचे ट्रॅक्टर त्यांच्या हातावर चालतेत. ही असली गाडी त्यांनी जन्मात बघितली न्हवती, तरी थंडीत मातीत पाठ टेकून काम केलं. मला त्यांनी एका शब्दानं म्हणलं न्हाई, की तुमची गाडी भंगार हाय. माझा पोरगा म्हणला, गाव म्हणलं, त्यांनी न्हाई. चुकलं आसंल. तुझं कवा चुकलं न्हाई का? गाढव म्हणायचं काम न्हाई."

एवढं बोलून अप्पा दमले. दुकानाच्या आतल्या अंधारात, रचलेल्या रेडिएटरांच्या मागं काहीतरी खडखडलं, एक रेडिएटर घसरून खाली आला, आणि पाठोपाठ आवाज आला, "म्हणू द्या, व्याही. गाढवच म्हणू द्या."

चंद्रप्पा बाहेर आले. टोपीला जळमटं लागलेली. हातात हिरव्या काठाचा, गुलाबी डागांचा टॉवेल. तो दाखवून विचारायलाच ते सकाळच्या गाडीनं आले होते, आणि अप्पांना गल्लीत वळताना बघून मागं जाऊन दडले होते.

अप्पांनी आदर्शच्या हातातून बाटली काढून घेतली.

"तुमी हितं कसे?" अप्पांनी विचारलं.

"गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आल्तो. तुमी?"

"दाताला."

दोघांनी एकमेकांच्या हाताकडं बघितलं. एकाच्या हातात बाटली, दुसऱ्याच्या हातात टॉवेल. आधी चंद्रप्पांचं पोट हललं, मग अप्पांचं. हसता हसता अप्पांना पिंपावर बसावं लागलं.

"म्हंजे तुमी दोघं एकाच गाडीचे?" आदर्श म्हणाला. "मला वाटलं साथ आली."

चहा झाल्यावर आदर्शनं उपाय सांगितला. रेडिएटरातली ती नळी कायमची बंद करायची, आणि तेल थंड करायला पुढं वेगळी छोटी जाळी बसवायची. ती त्यानं एका मोडीत निघालेल्या गाडीची शोधून दिली. तेल सांडायचं, नवं भरायचं, चालवायचं, पुन्हा सांडायचं. एका खेपेत सगळं तेल निघत नाही, अर्धं पोटातच राहतं, म्हणून लाल दिसेपर्यंत तेच करायचं.

"आन गियरबॉक्स?" चंद्रप्पांनी विचारलं.

"आतल्या पट्ट्यांना अस्तर चिकटवलेलं असतं. पाण्यानं ते सुटतं. किती सुटलं ते देवाला ठाऊक. पुढच्या चालीच्या पट्ट्या गेल्या असतील. मागच्या चालीच्या वेगळ्या असतेत. त्या कोण वापरतो एवढं, त्या धड असतील. वाचली तर वाचली, न्हाई तर भंगार."

भंगार म्हणताच अप्पांचा हात आपसूक डाव्या गुडघ्यावर गेला. चंद्रप्पांनी ते बघितलं. निलंग्याची गाडी सोडून ते अप्पांसोबतच चाकूरच्या एसटीत चढले.

घरी पोचले तेव्हा केवळाबाई दारातच होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, व्याह्याकडं बघितलं, दोघांच्या मधल्या लोखंडी जाळीकडं बघितलं.

"दाताच्या डॉक्टरनं व्याही बसवून दिले का?"

आणि सवयीनं टॉवेल आणायला आत वळल्या. चंद्रप्पांनी हाक मारली.

"इनबाई, आता टॉवेल नको. भांड्याचा साबण द्या. हाय तेवढा."

मग काम सुरू झालं. आता मात्र दोघं मिळून. चंद्रप्पा ट्रकाखाली, अप्पा बाजूला खुर्ची टाकून, पाय लांब करून, पाने देत. आदर्शनं सांगितल्यावर चंद्रप्पांच्या हाताला वाट सापडली होती, आणि ते हात होते खरंच जाणते. जाळी बसली, नळ्या बसल्या. रेडिएटर आणि इंजिनाची पाण्याची वाट साबणाच्या गरम पाण्यानं धुतली, तर फेस नाली भरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि कोंबड्या त्यात पाय उचलून उचलून चालल्या. पण पहिलं काढलेलं रंगीत पाणी चंद्रप्पांनी नालीत सोडलं नाही, झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. "ह्यातलं कूलंट गोड लागतं," ते म्हणाले. "कुत्री चाटतेत आन मरतेत." त्यांच्या गॅरेजमागं एक कुत्रं तसं गेलं होतं.

तेल सांडलं, भरलं, मागची चाकं जॅकवर उचलून फिरवलं, पुन्हा सांडलं. आधी गुलाबी, मग फिकट विटकरी, मग लालसर. शेवटच्या खेपेला चंद्रप्पांनी तेलाची पट्टी ओढून टॉवेलावर टेकवली आणि अप्पांना दाखवली. लाल. कुंकवासारखं लाल.

दुसऱ्या दिवशी येळवस.

ट्रकात मागं आंबिलीची बिंदगी, भज्जीचं पातेलं, खिरीचा डबा. पुढं अप्पा आणि केवळाबाई. चंद्रप्पा मागं बिंदगी धरून उभे. बाकी बायकांनी, महादेवीबाईंनी सगळ्यात आधी, वैजनाथची बैलगाडी पसंत केली. तान्ह्या दिपालीला घेऊन आरतीही बैलगाडीतच. बैलगाडी ट्रकाच्या मागं मागं चालली.

सपाटीला एकपायी बरी चालली. ओढ्याच्या उतारावरून खाली आली. ओढ्यापलीकडं अप्पांच्या रानाचा चढ. तिथं इंजिन गर्जलं, ट्रक हातभर चढला, आणि हळूच, लाजल्यासारखा, परत ओढ्यात येऊन उभा राहिला. अप्पांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

रानारानांतून माणसं बघत होती. वैजनाथनं बैलगाडी थांबवली. तो हसला नाही, उलट दुसरीकडं बघायला लागला. अप्पांना तेच जास्त लागलं. केवळाबाईंनी पानाचा डबा उघडला आणि काही न घेता मिटला.

मागच्या काचेवर टकटक झाली. चंद्रप्पा वाकून बोलत होते.

"व्याही, मागची चाल."

"मागं कुठं जाऊ? मागं गाव हाय."

"तोंड गावाकडं करा. बूड रानाकडं."

अप्पांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी ओढ्याच्या पात्रातच ट्रक फिरवला, गाव समोर घेतलं आणि मागची चाल टाकली. एकपायी थरथरली आणि चढाला लागली. उलटी, पण चढायला लागली. अप्पांची मान काही मागं वळत नव्हती, म्हणून चंद्रप्पा मागून ओरडून वाट सांगत होते.

"उजवीकडं घ्या."

"कुणाच्या उजवीकडं?"

"माझ्या. न्हाई, तुमच्या. थांबा, बिंदगी धरू द्या. तुरीकडं घ्या, तुरीकडं."

"अवो," केवळाबाई समोरच्या काचेतून बघत म्हणाल्या, "आज पयल्यांदा बघतेय. गाव लांब चाललं."

ट्रक चढ चढून, तुरीच्या दोन ओळी आडव्या करून, थेट कोपीपाशी जाऊन थांबला. थांबताना असा हिसका बसला की अर्धी बिंदगी चंद्रप्पांच्या अंगावर. ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले, मिशीतून आंबील गळायला लागली. मागून बैलगाडी आली. महादेवीबाई उतरल्या, पुन्हा एक चक्कर मारली.

"काळं झालं, गुलाबी झालं, पांढरं झालं. हिरवं तेवढं राहिलं."

वैजनाथ कमरेवर हात ठेवून ट्रकासमोर उभा राहिला. म्हणजे ट्रकाच्या मागं, कारण तोंड गावाकडं होतं.

"अप्पा, ह्याला काय रानात येणं म्हणतेत? उलटं?"

"चाकं कुणाची?" अप्पांनी खिडकीतून विचारलं.

"ट्रकाची."

"बैल लावले?"

"न्हाई."

"मग? तू चाकाचं बोललास. तोंड कुणीकडं पाहिजे, ते काय आपलं ठरलं न्हवतं."

वैजनाथला हसू आवरेना. त्यानं उरलेल्या आंबिलीतला पहिला पेला बापाच्या हातात दिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. पण तुरीचं नुकसान तुमच्या वाटणीला." चंद्रप्पांकडं वळून त्यानं विचारलं, "मामा, खरं सांगा, दोष होता तरी कशाचा?"

"माझा," चंद्रप्पा म्हणाले.

"रेडिएटरचा," अप्पा त्याच दमात म्हणाले.

कोपीच्या सावलीत व्यंकटी मांडी घालून भज्जी खात होते. त्यांच्याकडं दोघा व्याह्यांचं लक्ष एकदमच गेलं.

"व्यंकटी," अप्पा म्हणाले, "तुला ठाऊक होतं. दोघांना एकाच बुधवारी धाडलंस."

"ते आधी आले, मागनं तू. दोघांनी बी म्हणलं, कुणाला सांगू नको," व्यंकटी घास गिळत म्हणाले. "म्यां सांगितलं का कुणाला?"

त्यानंतर एकपायी सपाटीला सरळ चालली आणि चढाला उलटी. गावाला सवय झाली. समोरून ट्रकाचं तोंड आणि त्यात अप्पा-केवळाबाई लांब लांब जाताना दिसले, की लोक समजायचे, हे येत नाहीत, हे चालले. चंद्रप्पा दर सहा महिन्यांनी येऊन तेल बघायचे. टॉवेल घ्यायचे नाहीत. केवळाबाईंनी मग त्यांच्यासाठी जुन्या लुगड्याची फडकी करून ठेवायला सुरुवात केली, आणि तो मान त्यांना टोपीपेक्षा जास्त आवडायचा.

पुढं तीन वर्षांनी निलंग्याहून व्याह्यांचा निरोप आला तेव्हा वैजनाथ जीप काढत होता. अप्पांनी त्याला अंगणात अडवलं आणि एकपायी घेऊन केवळाबाईंसोबत निलंग्याला गेले. आमच्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं चंद्रप्पांचा देह बसवलेला होता, कपाळाला विभूती, डोक्याला फेटा, आणि अमरेशनं खांद्यावर तो हिरव्या काठाचा टॉवेल टाकला होता, डाग न निघालेला. त्यांना एकपायीवरच न्यायचं ठरलं. मठाच्या दफनाच्या जागेकडं जाताना चढ लागतो. अप्पांनी तिथं ट्रक फिरवला आणि मागची चाल टाकली. त्यामुळं चंद्रप्पा शेवटपर्यंत मागून येणाऱ्या माणसांकडं तोंड करून गेले. महादेवीबाई रडत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "जाताना बी उलटेच."

चंद्रप्पा मिस्त्री निलंगेकर वारले ते सोमवारी, तेरा मार्च दोन हजार तेवीस रोजी, सकाळी, गॅरेजमध्ये चहा पिता पिता.